मोठा झाला, पण गावासाठी काय केलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमची दुधनी म्हणजे सोलापूर जिल्ह्याचं अगदी टोक. रेल्वेने थोडं पुढे गेलात की कर्नाटक लागतं. घरात कन्नड आणि शाळेत मराठी, अशी इथल्या कितीतरी मुलांची सवय. या भागातल्या जत्रांत कुस्तीचा फड भरतो, आणि फडाच्या कडेला बसलेल्या पोरांच्या मोबाइलवर आता रॅप वाजत असतं. पैलवान असो की गायक, कुणी नाव काढलं की दोन्ही भाषांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘एवढा मोठा झाला, पण गावासाठी काय केलं?’

प्रश्न साधा वाटतो. पण त्यात दोन वेगळ्या मागण्या मिसळलेल्या आहेत. समाजाचं देणं फेडावं, ही एक. समाजाचं पुढारीपण करावं, ही दुसरी. या दोन्हींची गल्लत केली, की खेळाडूवरही अन्याय होतो आणि समाजावरही. हे नीट समजायला पालवणकर बाळू यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडणार नाही.

बाळू जन्मले धारवाडला, वाढले पुण्यात. चर्मकार समाजातले. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर ते मैदानाची कामं करत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. त्यातून डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. हिंदूंच्या क्लबाला सामने जिंकायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतलं. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यातून मिळायचा. 1911 साली भारताचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकरांचाही सहभाग होता.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंच्या वाट्याला आलं नाही. 1920 साली त्यांना संघातून वगळलं आणि त्यांचे भाऊ विठ्ठल यांनाही कर्णधारपद नाकारलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायलाच नकार दिला. त्यावरून बराच गदारोळ झाला. पुढे 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला. त्या भावांनी सभा घेतल्या नव्हत्या. मैदानावर जो अन्याय दिसला, त्याला मैदानावरच ‘नाही’ म्हटलं होतं.

आता पुढचा भाग. बाळू राजकारणात ओढले गेले. 1932 च्या पुणे कराराच्या वेळी ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभं केलं, तेही थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध. बाळू पडले. पण मतांचं अंतर फार मोठं नव्हतं, सुमारे दोन हजारांचं. विचार करा, एका थोर खेळाडूची कीर्ती आणि जात या दोन गोष्टी पाहून त्याला अशा माणसासमोर उभं केलं गेलं, ज्याने समाजाच्या प्रश्नाचा आयुष्यभर अभ्यास केला होता. यात बाळूंच्या मनाचा खोटेपणा होता असं मी म्हणणार नाही. त्यांची मतं त्यांची होती. पण चेंडू वळवता येणं आणि कायदेमंडळात माणसांच्या हक्कांसाठी भांडणं, ही दोन निरनिराळी कसबं आहेत. पहिल्यात पहिला आला म्हणून दुसऱ्यातही तो पहिला येईल असं नाही. पुढारीपण हे कीर्तीचं देणं मानलं, तर ती कीर्ती वापरायला कुठलाही पक्ष टपलेला असतोच.

मग कलावंताने गप्प बसावं का? आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे शाहीर अमर शेख आठवा. मूळ नाव मेहबूब पटेल. घरची गरिबी, मोटारीवर क्लीनर म्हणून काम, मग गिरणी कामगार. कामगारांच्या लढ्यात पडल्यानंतर त्यांचा डफ महाराष्ट्रभर वाजला, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत लालबावटा कलापथक उभं राहिलं, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. पण लक्षात घ्या, शेख आधी कामगार होते, मग प्रसिद्ध शाहीर झाले. लढा त्यांच्या गाण्यातच होता. रॅपचा जन्मही 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब भागातला, आणि धारावीतली पोरंही आपल्या गल्लीचंच सांगतात. ज्याचं गाणं गल्लीचं आहे, त्याने गल्लीबद्दल खोटं सांगू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. त्याने नगरसेवकाचं काम करावं, ही अपेक्षा रास्त नाही.

बोलण्याची किंमतही आपण मोजत नाही. मुष्टियोद्धा मुहम्मद अली याने 1967 साली व्हिएतनामच्या युद्धावर जायला नकार दिला. त्याचं जगज्जेतेपद गेलं आणि ऐन उमेदीची तीन वर्षं रिंगणाबाहेर गेली. 2023 साली आपल्या महिला कुस्तीपटू दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस साक्षी मलिकने कुस्ती सोडत असल्याचं जाहीर केलं. ‘खेळाडू बोलत का नाहीत’ असं विचारणाऱ्या किती जणांनी त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसायची तयारी दाखवली?

आणि आपण विचारतो कुणाला? श्रीमंत घरातला मुलगा नामवंत झाला, तर त्याच्या समाजासाठी त्याने काय केलं, हे कुणी विचारत नाही. वंचित घरातला वर आला, की त्याच दिवशी त्याच्यापुढे सगळ्या समाजाचं बिल ठेवलं जातं.

देण्याची वहीही एकतर्फी नसते. खाशाबा जाधवांना 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर पोलिस खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले आणि 1984 साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, गेल्यावर सोळा वर्षांनी. इथे कोण कुणाचं देणं लागत होतं?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. नामवंताने पुढारी व्हावं अशी सक्ती नको. आपण जिथून आलो ते लपवू नये, आपल्या क्षेत्रात समोर अन्याय दिसला तर विठ्ठल-शिवरामसारखं एकदा तरी ‘नाही’ म्हणावं, आणि मागून येणाऱ्या पोराला आखाड्याचं दार उघडं ठेवावं. एवढं देणं पुरे, आणि तेही सोपं नाही. शाळेची गळकी खोली, नळाचं पाणी, तालमीची पडकी भिंत यांचा जाब मात्र ज्यांना त्यासाठी मत दिलं त्यांनाच विचारायचा.

पुढच्या जत्रेत कुणी तो प्रश्न विचारला, ‘गावासाठी काय केलं?’, तर त्याला जरूर उत्तर द्या. फक्त आधी विचारा, त्या पोराला पहिला लंगोट कुणी घेऊन दिला होता.