चाळिशीतही कान तयार होतो

प्लेसमेंटचा सीझन आला की कॅन्टीनमध्ये एकच टेन्शन असतं: आत्ता लाइन पकडली नाही तर गाडी कायमची सुटली. म्हणून आज एका अशा लाइनबद्दल सांगते, जिच्यात लोक चाळिशीत, कधी रिटायर झाल्यावरही शिरतात. पियानो टेक्निशियन.

धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर जेर महालपाशी फुर्टाडोजचं दुकान तुम्ही पाहिलं असेल. १८६५ सालापासून चालत आलेलं नाव. तिथल्यासारख्या एखाद्या चकचकीत पियानोचं झाकण उघडलं, तर आत साधारण २३० तारा दिसतील. पट्ट्या ८८च, पण बऱ्याच सुरांना तीन-तीन तारा असतात. सगळ्यांचा ताण मिळून १८-२० टनांच्या घरात जातो! हा भार बिडाची चौकट पेलते, पण आवाज मोठा करणारी फळी लाकडाची. आणि लाकूड म्हटलं की आला मुंबईचा पावसाळा. फळी फुगते, सूर चढतो. हवा कोरडी झाली की उतरतो. शिवाय तारांना गंज, फेल्टला कसर. पियानो घेतला आणि सुटलो, असं या शहरात होत नाही.

तुम्हाला वाटेल, या कामाला जन्मजात कान हवा, लहानपणापासूनचा क्लास हवा. तसं नाहीये. ट्यूनर मुख्यतः ठोके ऐकतो. एकाच सुराच्या दोन तारांपैकी एक सेकंदाला ४४० वेळा कंप पावते आणि दुसरी ४४२ वेळा, तर एकत्र वाजवल्यावर आवाज सेकंदाला दोनदा लहान-मोठा होतो. वाँव-वाँव. किल्ली जराशी फिरवली की हे डोलणं मंदावतं, मग थांबतं. घरी गिटार आहे? पाचवी तार पाचव्या फ्रेटवर दाबा, चौथी मोकळी सोडा आणि दोन्ही एकदम छेडा. सूर किंचित जरी चुकला असेल तरी डोलणं ऐकू येईल.

ऐकू येणं सोपं आहे. अवघड आहे ते किल्ली नेमकी तिथेच थांबवणं, कारण तार गुंडाळलेली खुंटी लाकडात रुतलेली असते आणि हात काढला की सूर परत सरकू शकतो. हे हाताला कळायला वर्षं लागतात. अमेरिकेत पियानो टेक्निशियन्स गिल्डच्या तीन परीक्षा आहेत: लेखी, दुरुस्तीची आणि ट्यूनिंगची.

गंमत म्हणजे, पियानोत सगळं शुद्ध लावायचंच नसतं. कुठल्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून प्रत्येक पंचम मुद्दाम किंचित उतरता ठेवतात. आपली पेटीही सहसा तशीच लावलेली, आणि आपल्या जाणकारांना नेमकं तेच खुपत आलंय.

या भांडणात आपल्याकडचे एक रिटायर्ड गृहस्थ भेटतात, कृष्णाजी बल्लाळ देवल. नोकरी डेप्युटी कलेक्टरची. निवृत्तीनंतर, १९१० मध्ये, त्यांचं २२ श्रुतींवरचं पुस्तक आलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर त्यांनी तपासले आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती-हार्मोनियमच घडवून घेतली. ती पेटी फारशी चालली नाही. पण महसूल खात्यात हयात घालवून मग सुरांच्या मोजमापाला बसणारा हा माणूस मला भारी वाटतो. अलीकडे शिक्षणाने डॉक्टर असलेल्या विद्याधर ओक यांनीही २२ श्रुतींची पेटी केली. तिच्यात खुंटी ओढली की त्याच पट्टीतून दुसरी श्रुती निघते.

पियानो परवडणारा नाही, तर सुरुवात पेटीपासून करा. दादरला हरिभाऊ विश्वनाथ हे १९२५ पासूनचं नाव आहेच. पण शिकायला नवी पेटी नकोच. लालबाग-परळच्या एखाद्या भजनी मंडळाकडे जुनी, पडून असलेली पेटी मिळते का बघा. आतली पितळी जीभ टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. कानस अगदी बारीक घ्या, आणि दोन घासांनंतर थांबून ऐका.