बंगळुरूचे पाणी आणि विज्ञानाची जाण

बंगळुरू : पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड आकारण्याचा आदेश येथील पाणीपुरवठा मंडळाने मार्च २०२४ मध्ये काढला. हजारो कूपनलिका तेव्हा आटल्या होत्या. अनेक वसाहतींनी त्यावर शोधलेला उपाय मात्र जुनाच होता : आणखी खोल खोदणे.

जमिनीखाली अखंड वाहणारी नदी आहे, या समजुतीतून हा उपाय येतो. बंगळुरू कठीण ग्रॅनाइट व नाइस खडकावर वसले आहे. येथे पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकातील भेगांमध्ये. पावसाने भेगा भरल्या नाहीत, तर खोल गेलेला पाइप शेजाऱ्याच्या वाट्याचेच पाणी ओढतो. बेसाल्टच्या पठारावर राहणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकांना हा अनुभव नवा नाही.

हिशेब अवघड नाही. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. शहरात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर ९० हजार लिटर. गळती व बाष्पीभवन वजा जाता त्यातील मोठा भाग साठवता किंवा जिरवता येतो. ६० बाय ४० फूट आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलन २००९ मध्येच बंधनकारक झाले. मात्र गाळणीची जाळी पावसापूर्वी साफ का करावी, हे घरमालकाला उमगले नाही तर नियमाची पूर्तता कागदावरच राहते. दुसरीकडे, सुमारे १०० किलोमीटरवरून येणारे कावेरीचे पाणी टप्प्याटप्प्याने पंप करून वर चढवावे लागते आणि त्यासाठी प्रचंड वीज खर्च होते.

बेलंदूर तलावाचेही असेच. प्रक्रिया न झालेले सांडपाणी व डिटर्जंट यांमुळे तेथे फेसाचे डोंगर उभे राहिले आणि तलावाला आगही लागली. स्वयंपाकघरातील साबणाचा या फेसाशी असलेला संबंध अनेक रहिवाशांना तेव्हाच कळला.

विज्ञानाची जाण म्हणजे सरकारी योजनेला मान डोलावणे नव्हे. बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. तेथील विहिरींना त्यामुळे पाणी आले. पण दुसऱ्या टप्प्यापर्यंतची प्रक्रिया पुरेशी नाही, तिसऱ्या टप्प्याचीही करा, अशी मागणी स्थानिक कार्यकर्ते करीत आले आहेत.