चेहऱ्यावर लिंबू चोळताय? थांबा! व्हिटॅमिन सी सीरम वापरण्याआधी हे वाचा

प्रतिनिधी : तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. आमच्या शेजारच्या एका मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. मोबाईलवर व्हिडिओ पाहून तिनं चेहऱ्यावर लिंबू चोळलं अन् तशीच कापूस वेचायला गेली. दोन दिवसांत गालावर आग, बारीक फोड आणि नंतर काळे डाग. हळदीला पोरगी रडत बसली.

असं का झालं?
लिंबाचा रस फार आंबट, म्हणजे तीव्र आम्ल असतो. त्यातले काही घटक उन्हात कातडी भाजतात. शिवाय त्यात व्हिटॅमिन सी थोडंच असतं. १०० मिली रसात साधारण ५० मिलिग्रॅम. १० टक्के सीरमच्या १०० मिलीमध्ये ते १० ग्रॅम, म्हणजे २०० पट असतं. त्यामुळे लिंबू हा सीरमला पर्याय नाही.

सीरमने काय होतं?
नियमित वापरलं तर काही महिन्यांत डाग थोडे फिके होतात, उन्हानं होणारं नुकसान कमी होतं. पण माणूस गोरा होत नाही. तसं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

वापरायचं कसं?
- सुरुवात १० टक्क्यांपासून करा. २० टक्क्यांच्या वर फायदा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते.
- आधी कानामागे थेंबभर लावून दोन-तीन दिवस पाहा.
- पहिले काही दिवस एक दिवसाआड, धुतलेल्या कोरड्या चेहऱ्यावर दोन-तीन थेंब पुरे.
- सकाळी लावलं तर वरून सनस्क्रीन लावा. शेतात जाताना रुमाल किंवा टोपी हवीच.
- बाटली गडद रंगाची घ्या, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा. सीरम तपकिरी झालं तर फेकून द्या.

खरेदी करताना कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत बघा. बाजारात लेबल नसलेल्या डबीत मिळणारी क्रीम घेऊ नका. अशा क्रीममध्ये स्टेरॉईड किंवा पारा निघाल्याची उदाहरणं आहेत. पारा किडनीवर जातो.

थोडी चुणचुण होऊ शकते. पण लाली, सूज किंवा फोड आले तर लगेच पाण्यानं धुवा, वापर बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यावर हळद, टूथपेस्ट असलं काही लावू नका.

लिंबू, आवळा, पेरू खा की! ते पोटात गेलेलं बरं.