क्लोरीनची टाकी भरलेली, तरी सांडपाणी निर्जंतुक झाले का?

वसईतील होळीपासून विरारपर्यंत घराघरांतून निघणारे सांडपाणी शेवटी खाडी-समुद्राला मिळते. त्याच पाण्यात मच्छीमार उतरतात. म्हणून प्रक्रिया केंद्रातील निर्जंतुकीकरण एक दिवसही चुकवून चालत नाही.

रसायन किती लागते?
महापालिकेच्या बोळींज केंद्राची क्षमता दररोज ३ कोटी लिटर आहे. एवढ्या पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचे म्हटले, तर दिवसाला १५० किलो लागेल. १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट वापरल्यास ते साधारण १,५०० लिटर होते. म्हणजे ५ हजार लिटरची टाकी जेमतेम तीन दिवस पुरेल.

पातळी कशी कळते?
फ्लोट स्विच किंवा अल्ट्रासॉनिक सेन्सर ती मोजतो. ठरावीक रेषेखाली साठा गेला की अलार्म वाजतो. नवा माल येईपर्यंत पुरेल इतका साठा असतानाच तो वाजायला हवा.

टाकी भरलेली असली की निर्धास्त?
नाही. पातळी नेहमीच्या वेगाने उतरत नसेल, तर डोसिंग पंपात हवा अडकलेली किंवा नळी तुंबलेली असू शकते. शिवाय उन्हात, उष्णतेत हायपोक्लोराइटची ताकद घटते. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या पाण्यातील शिल्लक क्लोरीन तपासावाच लागतो.

तुम्ही काय पाहाल?
सोसायटीत एसटीपी असेल तर नोंदवहीतील दोन रकाने पाहा: टाकीची रोजची पातळी आणि शिल्लक क्लोरीन. पातळीचा आकडा रोज तोच दिसला, तर लगेच विचारा.