स्थूलता आणि क्षुधा

स्थूलता घटवूं पाहणारा मनुष्य बहुधा भुकेपुढेंच हरतो. परंतु तृप्ति किती खाल्लें यावर जितकी, तितकीच काय खाल्लें यावरही अवलंबून असते. लंडनचे विल्यम बँटिंग यांनीं पूर्वीं नौका वल्हवून पाहिली. तिनें भूकच वाढली. १८६२ सालीं त्यांचें वजन २०२ पौंड होतें. तेव्हां डॉक्टर हार्वे यांच्या सल्ल्यानें त्यांनीं पाव, साखर, बटाटे व बिअर शक्य तों वर्ज्य केलीं; उपवास मात्र केला नाहीं. मांस, मासे, भाज्या घेऊन ते दिवसांतून चार वेळां जेवत. सुमारें वर्षभरांत ४६ पौंड वजन उतरलें.

प्रथिनें भूक दीर्घकाळ शमवितात. भाज्यांतील तंतू व पाणी पोट भरतात. म्हणून भाकरी कमी करणाऱ्यानें ताटांतील तिची जागा रिकामी न ठेवितां अंडें, मासळी, पालेभाजी यांनीं भरावी. मधुमेहावर औषध घेणाऱ्यानें मात्र आधीं डॉक्टरांस विचारावें.