भोंगा वाजतो, पण कुणी उठत नाही

संध्याकाळच्या वेळी राहूच्या शिवारात उभं राहिलं, की कुठल्या ना कुठल्या गुऱ्हाळाचं धुराडं धूर सोडताना दिसतं. मुळा-मुठा आणि भीमा यांच्यामधल्या या बेटात ऊस मुबलक, म्हणून गुऱ्हाळंही पुष्कळ. चुलाणात चिपाडं धडधडत असतात, काहिलीत रस उकळत असतो; पण वाटेनं जाणारा माणूस त्या धुराकडे वळूनही बघत नाही. तो धूर कशाचा, हे त्याला ठाऊक असतं. तोच धूर रात्री उभ्या उसातून येऊ लागला, तर मात्र गाव धावत सुटतं.

माणसाला धुराधुरातला फरक कळतो. यंत्राला तो कळत नाही. सारी अडचण इथूनच सुरू होते.

याच भागातला, माझ्या नात्यातला एक मुलगा पुण्याला वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीत भेटला तेव्हा गप्पांच्या ओघात म्हणाला, ''काका, परवा रात्री दोन वाजता पुन्हा फायर अलार्म झाला.''

''मग काय केलंत?''

''काय करणार? उशी कानावर घेतली. आठवड्यातून एकदा तरी वाजतोच तो.''

वहिनी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. मला अमेरिकेतली एक गोष्ट आठवली.

न्यू जर्सी राज्यात सेटन हॉल नावाचं विद्यापीठ आहे. तिथल्या बोलंड हॉल या वसतिगृहात सुमारे सहाशे मुलं-मुली राहत होती. १९ जानेवारी २००० च्या पहाटे साडेचारच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत आग लागली. भोंगा वेळेवर वाजला. पण आधीच्या काही महिन्यांत तो इतक्या वेळा खोटाच वाजला होता, की अनेक मुलं 'पुन्हा तेच' म्हणून अंथरुणातच राहिली. तीन विद्यार्थी दगावले, पन्नासहून अधिक जखमी झाले. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. त्याच्यावरचा विश्वास तेवढा उरला नव्हता.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली आहे. त्या गोष्टीत दोष खोटं ओरडणाऱ्या पोराचा असतो. वसतिगृहात ओरडणारं यंत्र असतं आणि ते बिचारं खोटं बोलत नाही. त्याला जे दिसतं, तेच ते सांगतं. मग त्याला दिसतं तरी काय?

छताला बसवलेल्या त्या पांढऱ्या डबीच्या आत बहुधा एक छोटीशी अंधारी पोकळी असते. तिच्यात प्रकाशाचा बारीक झोत सोडलेला असतो. धुराचे कण आत शिरले, की तो प्रकाश विखुरतो, बाजूच्या संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. पण प्रकाश विखुरण्याचं काम केवळ धूरच करतो असं नाही. न्हाणीघरातली वाफ, अंगावर मारायचा सुगंधी फवारा, उदबत्ती, डासांची कॉइल, साठलेली धूळ, आत शिरलेला एखादा किडा, यांपैकी काहीही पुरतं. आणि फोडणी! परदेशी वसतिगृहात राहणाऱ्या मराठी मुलांना तर ती चांगलीच महागात पडू शकते. इकडे मोहरी तडतडते, मिरची पडते आणि तिकडे सगळी इमारत रात्रीच्या कपड्यांत थंडीत रस्त्यावर!

यावर लोक जे उपाय करतात, ते रोगाहून भयंकर असतात. मुलं त्या डबीला प्लास्टिकची पिशवी बांधतात. कंटाळलेला रखवालदार बटण बंद करून झोपतो. घंटा गप्प होते खरी, पण खऱ्या आगीच्या वेळीही ती गप्पच राहते.

खरे उपाय साधे आहेत. स्वयंपाकघरात धूर ओळखणारं यंत्र लावूच नये. तिथं उष्णता ओळखणारं लावावं, म्हणजे फोडणीचा धूर त्याला बाधत नाही. न्हाणीघराच्या दाराशी धूर ओळखणारं यंत्र नको. यंत्रं वेळच्या वेळी साफ करावीत. रंगकाम किंवा तोडफोड चालू असेल, तर ती तेवढ्यापुरती झाकावीत आणि काम संपताच त्याच दिवशी आठवणीनं उघडावीत. भिंतीवरच्या बटणावर पारदर्शक झाकण बसवलं, की चेष्टेखातर ते दाबणारे हात पुष्कळ आवरतात.

मोठ्या इमारतीत आणखी एक सोय करता येते. एकाच यंत्रानं इशारा दिला, तर तो आधी रेक्टरच्या किंवा रखवालदाराच्या खोलीत वाजतो. त्यानं दोन-तीन मिनिटांत जाऊन पाहायचं. तो गेला नाही, किंवा दुसऱ्या यंत्रानंही इशारा दिला, तर सगळी इमारत आपोआप जागी होते. अर्थात त्यासाठी रात्रभर जागा आणि शिकवलेला माणूस हवा. तो नसेल, तर ही सोय म्हणजे धोकाच.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे एक वही. भोंगा कधी वाजला, कोणत्या खोलीतून, कशामुळे, हे दर वेळी लिहून ठेवायचं. चार महिन्यांत वहीच सांगते, की गुन्हेगार अमुक मजल्यावरचा गिझर आहे की तमुक खोलीतली शेगडी.

आपल्याकडे कायदा आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला किंवा वापरणाऱ्याला आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत सादर करावं लागतं. पण ते प्रमाणपत्र भोंगा वाजतो एवढंच सांगतं. तो वाजल्यावर मुलं उठतात का, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

ते विचारणं आपलं, आईवडिलांचं काम आहे. मुलाला वसतिगृहात सोडायला जातो तेव्हा आपण मेस पाहतो, पाणी पाहतो, खिडकी किती मोठी ते पाहतो. तेव्हाच विचारावं, की गेल्या वर्षी भोंगा किती वेळा विनाकारण वाजला आणि त्यावर तुम्ही काय केलंत? 'कधीच वाजत नाही' असं उत्तर आलं, तर तो चालू तरी आहे का, हेही पाहून घ्यावं.

मी त्या मुलाला एवढंच सांगितलं, ''बाबा रे, दहा वेळा खोटा वाजला तरी दहा वेळा खाली उतर. आणि अकराव्यांदा वाजू नये म्हणून रेक्टरांकडे अर्ज दे.'' वहिनी आता रोज रात्री फोनवर 'जेवलास का' विचारतात आणि मग पुढचा प्रश्न करतात, ''आज वाजला का रे? उतरलास ना खाली?''