इंग्रजी वाक्प्रचार आणि प्रवेशपरीक्षा : पाठ करायचे की अंगवळणी पाडायचे?

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं क्लासवाल्यांच्या गल्लीत काय काम? काम आहे. शब्दांच्या एखाद्या जुळणीला अर्थ येतो तो नेमका कुठून, हा प्रश्न आमच्या शास्त्रात फार जुना आहे. मीमांसक, नैयायिक, वैयाकरण, सगळ्यांनी त्यावर वाद घातले. आता तोच प्रश्न बारावीच्या मुलामुलींसमोर चार पर्याय घेऊन उभा राहतो, आणि त्यांच्या हातात जेमतेम मिनिटभरच वेळ असतो.

परीक्षेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे पालकही आहेत. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाली. भाषेच्या पेपरासाठी १३ भाषा उपलब्ध आहेत, त्यांत मराठीही आहे. पण दिल्ली विद्यापीठात इंग्रजी ऑनर्स करायचं असेल, तर इंग्रजीचाच पेपर द्यावा लागतो. सध्या एका पेपरात ५० प्रश्न, वेळ ६० मिनिटं, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. उतारे असतात, वाक्यांची फेरजुळणी असते, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द असतात, आणि वाक्प्रचारही असतात. थेट वाक्प्रचारावरचे प्रश्न मोजकेच, हे खरं. पण उताऱ्यातही वाक्प्रचार दबा धरून बसलेला असतो, आणि तो कळला नाही तर अख्ख्या परिच्छेदाचा रोख चुकतो.

आता मुळाशी जाऊ. वाक्याचा अर्थ हा त्यातल्या शब्दांच्या अर्थांतून आणि त्यांच्या रचनेतून बनतो, असं आपण धरून चालतो. पाश्चात्य तत्त्वज्ञानात हे तत्त्व फ्रेगे या जर्मन विचारवंताच्या नावाशी जोडलं जातं. वाक्प्रचार नेमका इथेच अडवतो. 'पोटात कावळे ओरडतात' या वाक्यातले तिन्ही शब्द परक्या माणसाला शिकवा, तरी भुकेचा पत्ता त्याला लागणार नाही. शिवाय यातले शब्द मनाला येतील तसे बदलता येत नाहीत. पोटात चिमण्या ओरडत नाहीत. आपण कुणाचे 'कान भरतो', कुणाचं 'श्रवणेंद्रिय' भरत नाही. इंग्रजीतही तसंच. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. बादलीऐवजी तिथे दुसरं भांडं ठेवलंत, तर उरते फक्त लाथ.

मग अशा शब्दसमूहाचा अर्थ लावायचा कसा? मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत. पहिली, मुख्य अर्थ अडला पाहिजे. दुसरी, नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध पाहिजे. तिसरी, त्यामागे रूढी तरी पाहिजे किंवा काही प्रयोजन तरी. रूढीचं त्याचं उदाहरण 'कुशल' या शब्दाचं आहे. कुशल म्हणजे मुळात कुश, म्हणजे दर्भ, तोडणारा. दर्भाची पाती धारदार. हात न कापता ती तोडायची तर कसब लागतं. आज आपण वक्त्याला कुशल म्हणतो, डॉक्टरला कुशल म्हणतो, आणि दर्भ कुणाच्या डोक्यातही येत नाही.

या तीन अटी परीक्षेच्या हॉलमध्ये जशाच्या तशा वापरता येतात. समजा वाक्य असं आहे, की नागपूरच्या एका माणसाने राजीनामा देऊन धंदा सुरू केला आणि 'बर्न्ट हिज बोट्स'. पर्याय चार : तो प्रवासाला निघाला, तो संतापला, त्याने परतीची वाट बंद केली, त्याने स्वतःचं नुकसान करून घेतलं. पहिली पायरी : नागपूरच्या नोकरदाराकडे होड्या कुठल्या? शब्दशः अर्थ अडला. तेव्हा होडीवरून प्रवास सुचवणारा पर्याय गेला. दुसरी पायरी : होड्या जाळल्या तर काय होतं? नुकसान होतं, आणि परतही जाता येत नाही. तिसरी पायरी : यातला कोणता अर्थ रूढ आहे? इथे राजीनामा मदतीला येतो. राजीनामा दिला की मागे फिरता येत नाही. उत्तर मिळालं.

आणि मराठी मुलाला तर हे उत्तर आधीपासून माहीत आहे! 'परतीचे दोर कापणे' हा आपलाच वाक्प्रचार. १६७० साली सिंहगडावर तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापले, ही कथा आपण चौथीत ऐकलेली असते. त्यांच्याकडे समुद्र, म्हणून होड्या. आपल्याकडे कडे-कपारी, म्हणून दोर. विचार एकच आहे.

अशा जोड्या भरपूर सापडतात. 'बेल द कॅट' म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधणे. 'ब्लो वन्स ओन ट्रम्पेट' म्हणजे आपलीच टिमकी वाजवणे. 'बटर अप' म्हणजे लोणी लावणे. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे सठीसहामाशी. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' म्हणजे बिंग फोडणे. 'क्रॉकोडाइल टिअर्स' म्हणजे नक्राश्रू. 'मीट वन्स वॉटर्लू' घ्या. वॉटर्लूची लढाई १८१५ ची, नेपोलियनची शेवटची. आपल्याकडे १७६१ चं पानिपत, आणि 'पानिपत होणे' हा शब्दप्रयोग. मात्र इथे थोडं थांबा. वॉटर्लू भेटतं ते आतापर्यंत जिंकत आलेल्याला. त्यात 'अखेर गाठ पडली' ही छटा आहे. पानिपतात भर धूळधाण होण्यावर आहे. जोडी जुळली तरी कडा जुळेलच असं नाही.

काही जोड्या तर सरळ फसवतात. 'पुल समवन्स लेग' म्हणजे थट्टा करणे, गंमत म्हणून फिरकी घेणे. आपल्याकडे 'पाय ओढणे' म्हणजे वर चाललेल्याला मत्सराने खाली खेचणे. शब्द तेच, पण एकात हसू आहे आणि दुसऱ्यात असूया. 'पुल स्ट्रिंग्ज' वाचून आपल्याला 'सूत्रे हलवणे' आठवतं. पण इंग्रजीत त्याचा सर्वसाधारण रोख ओळखीपाळखी वापरून काम करून घेण्याकडे, म्हणजे वशिल्याकडे आहे. पर्यायांमध्ये असे जवळचे अर्थ ठेवलेले असतात, आणि हुशार मुलंसुद्धा तिथेच घसरतात.

आणखी एक सावधगिरी. वाक्प्रचारांच्या उगमकथा खूप फिरतात. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणे गवताच्या छपरांवरून पावसात कुत्री-मांजरं घसरून पडत म्हणून आला. 'रूल ऑफ थम्ब' म्हणे अंगठ्याएवढ्या काठीने बायकोला मारण्याची मुभा देणाऱ्या कायद्यातून आला. दोन्ही कथांना भक्कम आधार नाही. लक्षात ठेवायला कथा जरूर वापरा, पण ती पुरावा म्हणून कुणाला सांगू नका.

तर्क कुठपर्यंत चालतो, हेही सांगितलं पाहिजे. 'बीट अराउंड द बुश' मध्ये झुडपं बडवून पक्षी उठवणारी शिकार दिसते, आणि मुद्द्यावर न येता भोवती फिरणं त्यावरून कळतं. पण 'किक द बकेट' मध्ये बादली आणि मरण यांचा संबंध आज दिसत नाही. आपल्याकडे तरी 'बोऱ्या वाजणे' कुठे कळतं? बोऱ्या वाजतो कसा? 'पोबारा करणे' हे सोंगट्यांच्या फाशांतल्या एका दानावरून आलं, हे तरी किती जणांना माहीत असतं? तरीही आपण हे शब्द अचूक वापरतो, कारण ते वापरताना ऐकले आहेत. दाते-कर्वे यांच्या कोशाचं नाव 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' असं आहे. वाक्संप्रदाय हा फार नेमका शब्द आहे. संप्रदाय म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हाती दिलेलं. तिथे युक्तिवाद संपतो आणि सहवास सुरू होतो.

शब्दयोगी प्रयोगांचंही असंच. इंग्रजीत कुठल्या शब्दाबरोबर 'ऑफ', 'टु', 'फ्रॉम' येणार, याला दरवेळी कारण देता येत नाही. आपण मराठी विभक्तीचा साचा तिथे नेतो. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ' लिहितो. पाहिजे 'मॅरीड टु'. 'त्याविषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहितो. तिथे 'अबाउट' लागतच नाही. 'चहापेक्षा कॉफी' म्हणून 'प्रेफर' नंतर 'दॅन' टाकतो, पाहिजे 'टु'. यात मुलांच्या बुद्धीचा दोष नाही. आपल्या 'लागणे' या क्रियापदाकडे बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, नाद लागतो, वेळ लागतो, दृष्टही लागते. एखाद्या इंग्रजाने कारण विचारलं तर काय सांगाल?

आता जरा कडू बोलतो. ज्या घरात जेवताना कुणी सहज 'अंडर द वेदर' म्हणतं, त्या घरातल्या मुलीला हा प्रश्न दहा सेकंदांत सुटतो. ज्या मुलीने बारावीपर्यंत इंग्रजी फक्त पाठ्यपुस्तकात पाहिलं, तिला तो सुटत नाही. या फरकात कुणाची विचारशक्ती मोजली गेली? मोजलं गेलं ते एवढंच, की लहानपणी कोण कुठल्या खोलीत बसलं होतं. वाक्प्रचार वारशाने येतो, आणि वारसा नसलेल्याकडून आपण तो परीक्षेत मागतो. परीक्षा घेणाऱ्यांनी याचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्या मुलीला परीक्षा याच वर्षी द्यायची आहे. तिला 'तुझं इंग्रजीच कच्चं आहे' एवढं ऐकवून घरी पाठवणं हा अन्याय आहे. वाक्प्रचार म्हणजे काय, हे तिला मराठीतून उत्तम येतं. त्या ज्ञानावर तिला उभं करा, आणि राहिलेला सहवास तिला मिळवून द्या.

तो मिळवायचा कसा? एक वही करा, चार रकान्यांची. पहिल्यात इंग्रजी वाक्प्रचार. दुसऱ्यात तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य, वर्तमानपत्रातलं, गोष्टीतलं, जुन्या प्रश्नपत्रिकेतलं. तिसऱ्यात मराठी जोडी. चौथ्यात फरक : कडा कुठे जुळत नाही, आणि कुठे वापरायचा नाही. शोकसभेत आपण 'ते गचकले' म्हणत नाही. तसंच सांत्वनाच्या पत्रात 'किक द बकेट' चालत नाही. रोज पाचच घ्या. दोन महिन्यांत ३०० होतात. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने मराठी रकाना झाकून परत वाचा. गट करा : समुद्रावरचे, पत्त्यांच्या डावातले, खेळाचे, शरीराच्या अवयवांचे. पत्त्यांचे कळायला तर काहीच त्रास नाही. 'हुकमाचा एक्का' आपल्याकडेही आहे.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून निवडक)

एक पालक : बाजारात तयार याद्या मिळतात. त्याच पाठ केल्या तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, पण टिकत नाही. यादीत वाक्प्रचार एकटा असतो. त्याच्या शेजारी माणसं नसतात, प्रसंग नसतो. परीक्षेत तो वाक्यात येतो. यादी जवळ ठेवा, पण त्यातल्या प्रत्येक प्रयोगासाठी एक वाक्य स्वतः शोधा. शोधण्यात जो वेळ जातो तोच अभ्यास.

एक शिक्षिका : मराठीतून विचार केला की इंग्रजी सुधारत नाही, असं मुलांना सांगितलं जातं.

ताई, शब्दाला शब्द ठेवला तर नक्कीच बिघडतं. 'पाय ओढणे' आपण आत्ताच पाहिलं. पण मी तुलना करायला सांगतोय. दोन भाषा शेजारी ठेवून कुठे जुळतं, कुठे नाही, हे पाहणारं मूल एका भाषेत अडकलेल्या मुलापेक्षा सावध असतं. चौथा रकाना त्यासाठीच आहे.

बारावीची एक विद्यार्थिनी : सर, उत्तर अजिबात येत नसेल तर प्रश्न सोडायचा का?

हिशेब करू या. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली, तर चारांतून एकदा ५ मिळतात आणि तीनदा १ जातो. चार प्रश्नांमागे २ गुण उरतात, म्हणजे प्रश्नामागे अर्धा. शब्दशः अर्थाचा पर्याय आधी काढून टाकलास, तर तीन उरले : ५ वजा २, म्हणजे तीन प्रश्नांमागे ३, प्रश्नामागे १ गुण. दोन काढता आले, तर प्रश्नामागे सरासरी २. हे अर्थात अनेक प्रश्न मिळून. एखाद्या प्रश्नात नशीब दगा देऊ शकतं. आणि गुणांची ही पद्धत तुझ्या वर्षीच्या माहितीपत्रकात तपासून घे. पण एवढं लक्षात ठेव, की वाक्प्रचार कधी ऐकलेला नसला तरी तू रिकाम्या हाताने बसलेली नाहीस. मुख्य अर्थ कुठे अडतो, हे तुला दिसतं. एक पर्याय तिथेच जातो. उरलेल्यांत वाक्याचा रोख बघ, खूण कर, आणि पुढच्या प्रश्नाकडे जा.